वारा मोजला कोणी आणि ‘जा’ म्हणालं कोण?

प्रति,
मा. महासंचालक, नागरी विमान वाहतूक महासंचालनालय (डीजीसीए), नवी दिल्ली
आणि
महाराष्ट्रातल्या उड्डाण प्रशिक्षण संस्थांचे सर्व मुख्य प्रशिक्षक

महोदय,

या पत्राची इंग्रजी प्रत तुमच्या कार्यालयाकडे रीतसर रवाना झाली आहे. मराठीत आणि उघडपणे लिहिते आहे ते त्या आईबापांसाठी, ज्यांनी द्राक्षबाग, प्लॉट, प्रॉव्हिडंट फंड असं जे हाताशी होतं ते मोकळं करून पोराला किंवा पोरीला पायलट व्हायला पाठवलं आहे. लँडिंगच्या वेळी वारा किती चालेल, हे त्यांनी ठरवायचं नसतं. पण ते कोण ठरवतं आणि कशावरून, हे विचारायचा हक्क त्यांना आहे. ते विचारत नाहीत, कारण नेमकं काय विचारायचं हेच त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

मी स्वतः फ्लाइंग इन्स्ट्रक्टर होते. पठारावरच्या छोट्या मैदानांवर सेसना १५२ आणि १७२ वर मुलांना शिकवलं. आता ते काम करत नाही. माझ्या बहिणीचा मुलगा मात्र त्याच वाटेने गेला आणि गेल्या उन्हाळ्यात त्याचं विमान उतरताना उलटलं. संस्थेचं नाव मी लिहिणार नाही. एकीचं नाव छापलं की बाकीच्यांना हायसं वाटतं, आणि मला कुणालाच हायसं वाटू द्यायचं नाही.

घडलं ते असं. दुपारची तीनची वेळ. पोरगा एकटा, म्हणजे सोलो, सर्किट मारत होता. उडायचं, मैदानाला चौकोनी फेरी घालायची, उतरायचं, न थांबता पुन्हा उडायचं. शिकाऊ माणूस, फार तासांचा अनुभव नाही. मैदानावर टॉवर नाही, वारा मोजणारं यंत्र नाही. एक विंडसॉक, म्हणजे वाऱ्याचा अंदाज देणारी कापडाची पिशवी, तीही उन्हाने विटलेली, आणि मोबाइलवर दूरच्या विमानतळाचा हवामान अहवाल, ज्याला आम्ही मेटार म्हणतो. त्यात वारा ९ नॉट्स (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर), झोतांचा उल्लेख नाही. पहिली लँडिंग ठीक झाली. नंतरच्या एका लँडिंगला चाकं टेकायच्या बेतात असताना समोरून झोत आला, विमान वर उचललं गेलं, आणि झोत आला तसा पडला.

इथे जरा थांबून हिशेब सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. पंखांची उचल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. हवेतला वेग ५० नॉट्स असताना समोरचा १० नॉट्सचा वारा एकाएकी गेला, तर वेग एक पंचमांशाने घटतो, पण उचल ३६ टक्क्यांनी जाते. विमान जमिनीपासून दोन-तीन मीटरवर असताना हे घडलं की ते आपटतं आणि उसळतं. उसळलेल्या विमानाचं नाक आभाळाकडे गेलेलं दिसलं की नवख्याचे हात आपोआप कंट्रोल पुढे ढकलतात. मग पुढचं चाक आधी टेकतं, दुसरी उसळी पहिलीहून मोठी येते, तिसरी त्याहून मोठी. पायलट लोक याला पॉर्पॉइझिंग म्हणतात. बहुतेक वेळा तिसऱ्या-चौथ्या उसळीला पुढच्या चाकाचा दांडा मोडतो. यावर औषध एकच, पहिल्याच उसळीला पूर्ण पॉवर देऊन पुन्हा वर जाणं, म्हणजे गो-अराउंड.

पण तेही पुस्तकात जितकं सोपं आहे तितकं एप्रिलच्या दुपारी नसतं. दोन हजार फूट उंचीवरचं मैदान, तापमान ४० अंश; विरळ हवेमुळे विमानाला ते साडेपाच हजार फुटांवर असल्यासारखं वाटतं. सेसना १५२ चं इंजिन ११० अश्वशक्तीचं. फ्लॅप, म्हणजे उतरताना पंखांच्या मागच्या कडेला खाली सोडतात त्या पट्ट्या, पूर्ण खाली असताना पॉवर दिली तरी ते लगेच वर चढत नाही, आधी फ्लॅप थोडे वर घ्यावे लागतात. हे सगळं दोन सेकंदांत, एकट्याने, आधीच उसळत असलेल्या विमानात.

पोराने कंट्रोल पुढे ढकलला. पुढचा दांडा मोडला, प्रोपेलर जमिनीला लागला, विमान धावपट्टीच्या कडेला जाऊन पाठीवर पडलं. गळ्याचं हाड आणि पाठीचा एक मणका. चालतो-फिरतो आहे, एवढं भाग्य.

संस्थेने केलेल्या चौकशीचं एक पान माझ्या बहिणीच्या हातात आलं. त्यात लिहिलं होतं की विद्यार्थ्याने बाउन्स, म्हणजे उसळी, चुकीचा हाताळला. खरंच आहे, चुकीचाच हाताळला. पण त्या पानावर वाऱ्याचा वेग एका ठिकाणीही नाही. त्या दुपारी सोलोची परवानगी कुणी दिली, त्याचं नाव नाही. त्याला वाऱ्यातल्या लँडिंगचा सराव इन्स्ट्रक्टरबरोबर किती झाला होता, त्याची नोंद नाही. पानाबरोबर दुरुस्तीच्या खर्चातला त्याचा वाटा सांगणारं पत्र मात्र जोडलेलं होतं. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, तेच मैदान, दुसरा मुलगा, सोलो.

माझ्या तक्रारी इथून सुरू होतात. त्या एकाच संस्थेपुरत्या नाहीत.

पहिली तक्रार मापाची. मेटारमधला वारा हा दहा मिनिटांची सरासरी असतो. सरासरीपेक्षा झोत १० नॉट्सने किंवा त्याहून जास्त असेल तरच तो अहवालात लिहितात. म्हणजे ९ नॉट्सची चढउतार चालू असली तरी कागदावर वारा शांत, एकसुरी दिसतो. दीडशे माणसं नेणाऱ्या जेटसाठी हे चालून जाईल. पाऊण टनाच्या सेसनाला ते ९ नॉट्स म्हणजे उतरतानाच्या वेगाचा सहावा हिस्सा. आणि हा कागदही दुसऱ्या गावाचा. मधे डोंगर, धरण, उसाचे फड. वारा तोच असेल असं कुणी मानावं? साताऱ्याच्या चाळकेवाडीला, धुळ्याच्या ब्राह्मणवेलला पवनचक्क्या उभ्या राहिल्या, त्याच्या आधी तिथे मनोरे उभारून वारा मोजला गेला. पैसा वाऱ्यातून मिळणार होता, म्हणून मोजला. ज्या मैदानांवर अठरा-वीस वर्षांची मुलं पहिल्यांदा एकटी उतरतात, तिथे अजूनही कापडाची पिशवी बघून अंदाज घ्यायचा. ती पिशवी पूर्ण ताठ झाली की साधारण १५ नॉट्सच्या पुढे काय चाललंय ते ती सांगूच शकत नाही.

दुसरी तक्रार मर्यादेची. सेसना १५२ च्या पुस्तिकेत आडव्या वाऱ्याचा आकडा १२ नॉट्स आहे, १७२ च्या पुस्तिकेत १५. ही विमानाची कमाल मर्यादाही नव्हे. चाचणी करणाऱ्या कसलेल्या वैमानिकाने जेवढ्या वाऱ्यात उतरून दाखवलं, तो हा आकडा. कितीतरी ठिकाणी मात्र हाच आकडा डिस्पॅचच्या, म्हणजे रोजची उड्डाणं लावतात त्या, फळ्यावर लिहिलेला मी पाहिला आहे, जणू तो शिकाऊ मुलाचाही आकडा आहे. त्यात झोत धरायचे की सरासरी, याचं उत्तर इन्स्ट्रक्टरगणिक बदलतं. मी मुलांना शिकवायचे की झोताचा वरचा आकडा धरा आणि अप्रोचच्या, म्हणजे उतरायला खाली येतानाच्या, वेगात झोत आणि सरासरीतल्या फरकाचा निम्मा वेग वाढवा. शेजारच्या टेबलावरचा इन्स्ट्रक्टर दुसरं सांगायचा. एकाच संस्थेत, एकाच सकाळी.

प्रत्येक संस्थेची प्रशिक्षण आणि कार्यपद्धतीची पुस्तिका, म्हणजे टीपीएम, तुमच्या मंजुरीने चालते. मग विद्यार्थ्याच्या टप्प्यागणिक वाऱ्याची मर्यादा, झोतांसकट, आणि विद्यार्थ्याने व त्याच्या घरच्यांनी वाचावी अशी, त्यात सक्तीची का नाही?

तिसरी तक्रार तासांच्या घाईची. हिच्यावर मी जास्त बोलणार आहे, कारण बाकीच्या सगळ्या तिच्या पोटात आहेत.

व्यावसायिक परवान्याला २०० तास लागतात आणि ते अर्जाच्या आधीच्या पाच वर्षांतले असावे लागतात. २०२३ साली तुम्ही १,६२२ व्यावसायिक परवाने दिले, तोवरच्या कुठल्याही वर्षापेक्षा जास्त. विमान कंपन्यांनी शेकड्यांनी विमानं मागवली आहेत, त्यांना पायलट हवेत. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर वर्षाला १८० पायलट तयार करणारी अकादमी उभी राहते आहे. चांगलं आहे, विदर्भातल्या पोरांना दूर जावं लागणार नाही. पण ही सगळी घाई शेवटी येऊन पडते ती एका फळ्यावर, जिथे सकाळी मुलांची नावं आणि विमानांचे नंबर लिहिले जातात. चार विमानांतलं एक नेहमी दुरुस्तीला. जुलै-ऑगस्टात पाऊस आणि खाली आलेले ढग, डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी धुकं. राहतात मुख्यतः फेब्रुवारी ते मे. त्यातही सकाळी अकरापर्यंत हवा शहाण्यासारखी असते. नंतर जमीन तापते, वावटळी उठतात, दुपारनंतर वळवाचं आभाळ आलं की त्याच्या पुढे धावणारा वारा पाच मिनिटांत दिशा फिरवतो. पठारावर वाढलेल्या कुणालाही हे सांगायला हवामानशास्त्र लागत नाही. तरी तीनची सोलो फळ्यावर लागते, कारण सकाळच्या विमानांवर ज्यांचे तास तुंबलेत त्यांचा नंबर आधी असतो.

आणि मूल नाही म्हणत नाही. फी पन्नास लाखांच्या आसपास गेलेली असते. महिनोन्महिने होस्टेलच्या खाटेवर बसून नंबर यायची वाट पाहिलेली असते. आज नाही म्हटलं तर पुढचा नंबर आठवड्याने. इन्स्ट्रक्टरही बरेचदा नाही म्हणत नाही, कारण अनेक ठिकाणी त्याला पगार उडालेल्या तासांवर मिळतो, आणि तोही बहुधा विमान कंपनीत जाण्यासाठी स्वतःचे तास भरत असलेला पंचवीस वर्षांचा मुलगाच असतो. ज्याला ‘आज नको’ म्हणण्याचा पैशात फटका बसतो, त्याच्याकडेच ‘आज नको’ म्हणण्याचा अधिकार दिलेला आहे. ही रचना कुणी जाणूनबुजून केली असं मी म्हणत नाही. पण ती मोडायची जबाबदारी तुमची आहे.

चौथी तक्रार क्रमवारीची. १ ऑक्टोबर २०२५ ला तुम्ही उड्डाण संस्थांची पहिली क्रमवारी जाहीर केली. ३५ संस्थांपैकी एकही ए प्लस प्लस किंवा ए श्रेणीत आली नाही. १३ बी मध्ये, २२ सी मध्ये. हे उघड केल्याबद्दल मी तुमचं मनापासून कौतुक करते, तोवर असं काही पालकांच्या हातात नव्हतंच. पण शंभर गुणांत सुरक्षेला २०. ज्या संस्थेने झोतांच्या दुपारी सगळ्या सोलो रद्द केल्या, तिची कामगिरी या तक्त्यात वाढते की घटते? तास कमी झाले म्हणून घटत असेल, तर तुम्ही नकळत तिला शिक्षा केली.

पाचवी, अहवालांची. महाराष्ट्राच्या आसपासची गेल्या काही वर्षांची यादी माझ्यासारख्यांना तोंडपाठ आहे. जुलै २०२१, चोपडा तालुक्यातलं वर्डी, इन्स्ट्रक्टर गेला. जुलै २०२२, इंदापूर तालुक्यातलं कडबनवाडी, सोलोवर असलेली मुलगी जखमी. मार्च २०२३, गोंदियाहून उडालेलं विमान बालाघाटच्या डोंगरात, दोघे गेले. ऑक्टोबर २०२३, बारामतीजवळ काटफळ आणि गोजुबावी, चार दिवसांत दोन. यांची कारणं एक नाहीत आणि मी त्यांना वाऱ्याच्या खात्यावर घालत नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. यातून जे शिकायचं ते दुसऱ्या दिवशी सर्किटला निघालेल्या मुलापर्यंत कोण आणि कधी पोचवतं? आंतरराष्ट्रीय नियमांच्या परिशिष्ट १३ प्रमाणे अंतिम अहवाल शक्यतो १२ महिन्यांत यावा, नाही आला तर दर वर्षपूर्तीला निवेदन द्यावं. पण प्राण न गेलेल्या, फक्त चाक मोडलेल्या अपघातांना तेवढी वाट बघायचीही गरज नाही. ब्रिटनची अपघात चौकशी शाखा दर महिन्याला पत्रिका काढते. त्यात छोट्या विमानांच्या अशा उसळ्या, घसरण्या, मोडलेले दांडे पायलटने भरून दिलेल्या फॉर्मवरून एक-दोन पानांत छापलेले असतात. नाव नाही, दोषारोप नाही. वारा किती, अनुभव किती, काय झालं. मी शिकवायचे तेव्हा त्यातली पानं मुलांना वाचून दाखवायचे. आपल्या मैदानांवरचं काही दाखवायला मिळत नसे, म्हणून सरे आणि केंटच्या वाऱ्याचे अपघात शिरूर-दौंडच्या पोरांना.

सहावी आणि शेवटची छोटी आहे. धोक्याची माहिती स्वेच्छेने कळवा म्हणता, पण तीन विमानांच्या संस्थेत निनावी असं काही नसतं. अमुक दिवशी, अमुक विमानात झोत लागला एवढं लिहिलं तरी कोण ते कळतं. अमेरिकेत १९७६ पासून अशी माहिती नासाकडे जाते, विमान वाहतूक नियामकाकडे नाही, आणि माहिती देणाऱ्याला ठरावीक संरक्षण मिळतं. परवाना देणाऱ्याच्याच दारात कबुली द्यायला कुणीही बिचकेल.

एक आक्षेप येणार हे ठाऊक आहे. मुख्य प्रशिक्षक मंडळी म्हणतील, मॅडम, वाऱ्यात उडवलंच नाही तर पोरं शिकणार कधी? उद्या एअरबसमध्ये मुंबईच्या पावसात काय करणार? बरोबर आहे, आणि मी त्याच बाजूची आहे. झोतात उतरायला शिकवलंच पाहिजे, पण शेजारी इन्स्ट्रक्टर बसलेला असताना, पायऱ्या-पायऱ्यांनी. गो-अराउंड तर पहिल्या सोलोआधी इतका करून घ्या की हात विचारायच्या आत पॉवरकडे जावा. प्रशिक्षण घटवा असं मी कुठेही म्हणत नाही. आज ज्याला प्रशिक्षण म्हणतात, त्यातली कितीतरी सर्किट नुसती तास भरण्याची असतात. मुलालाही ते कळतं.

तर मागण्या, सरळ शब्दांत:

१. ज्या मैदानावर सोलो उड्डाण होतं तिथे वारा मोजणारं आणि झोत नोंदवणारं यंत्र असल्याशिवाय सोलोला मंजुरी नको. नोंदी साठवून ठेवाव्यात, पुसता येऊ नयेत. बारामती, लातूर, यवतमाळ, धाराशिवसारखी एमआयडीसीने उभारलेली मैदानं सार्वजनिक पैशाची आहेत. तिथे हा खर्च राज्य सरकारने करावा.

२. टीपीएममध्ये टप्प्यागणिक वाऱ्याची मर्यादा लिहिणं सक्तीचं करा: पहिला सोलो, पुढचे सोलो, क्रॉस-कंट्री (म्हणजे मैदान सोडून लांबवर जाणारं उड्डाण). झोताचा वरचा आकडा धरायचा, सरासरी नव्हे. ते पान प्रवेशाच्या वेळी विद्यार्थ्याला आणि पालकांना त्यांच्या भाषेत द्या.

३. प्रत्येक सोलोच्या परवानगीवर इन्स्ट्रक्टरची सही, वेळ आणि त्या क्षणाचा मोजलेला वारा. अपघात झाला तर हा कागद अहवालाचं पहिलं पान असावा.

४. वाऱ्यामुळे रद्द झालेल्या उड्डाणाचे पैसे ना विद्यार्थ्याचे जावेत ना इन्स्ट्रक्टरचे. इन्स्ट्रक्टरचा पगार निव्वळ तासांवर बांधणं बंद करा.

५. प्रशिक्षणात झालेल्या नुकसानीची वसुली विद्यार्थ्याकडून करायला बंदी घाला. विमा कशासाठी असतो?

६. क्रमवारीत सुरक्षेचे गुण वाढवा आणि हवामानामुळे रद्द केलेल्या उड्डाणांना वजा गुण लागणार नाहीत याची खातरजमा करून ती जाहीर करा.

७. छोट्या विमानांच्या अपघातांची मासिक पत्रिका सुरू करा, नावं वगळून. आणि गोपनीय माहिती घेण्याचं काम डीजीसीएच्या बाहेरच्या संस्थेकडे द्या.

मुख्य प्रशिक्षकांना यातल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या मागणीसाठी दिल्लीच्या परिपत्रकाची वाट बघायची गरज नाही. एक वही आणि एक पेन पुरेल, उद्या सकाळपासून सुरू करता येईल. यंत्र येईपर्यंत हातात धरायचं साधं ॲनिमोमीटर, म्हणजे वारा मोजायचं छोटं यंत्र, घेऊन कुणाला तरी धावपट्टीच्या कडेला उभं करा. त्याची किंमत विद्यार्थ्याच्या एका तासाच्या फीपेक्षा कमीच असेल.

मला वैयक्तिक उत्तर नको. भाच्याच्या प्रकरणात बहीण आणि तिचे यजमान जे करायचं ते कायद्याने करत आहेत. पोराला पुन्हा उडायचं आहे, डॉक्टरांनी नाही म्हटलेलं नाही. नव्या संस्थेची चौकशी करताना त्याच्या वडिलांनी फोनवर पहिला प्रश्न विचारला, तुमच्याकडे वारा मोजतात का? पलीकडच्या माणसाने सांगितलं, हो, विंडसॉक आहे. तुमचं परिपत्रक निघालं तर त्या माणसाला दुसरं उत्तर द्यावं लागेल. ते पुढच्या फेब्रुवारीच्या आत, म्हणजे तापायला लागायच्या आत निघावं, एवढीच मुदत मी मागते आहे.

आपली,
एक माजी फ्लाइंग इन्स्ट्रक्टर
(तालुका तासगाव, जिल्हा सांगली)